करंगळीएवढी जागा

एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी दुपारी, माझ्या फेरीतल्या एका आवारात तीन शिरीष एकाच वाऱ्यात मोडले. मी पोचले तेव्हा त्या इमारतीचे सेक्रेटरी झाडांपाशी उभे होते आणि वॉचमनदादा त्यांच्यापासून चार हात लांब, हात मागे घेऊन. वारा तोवर पडला होता. झाडं मुळातून उपटली नव्हती. तिन्ही छातीच्या उंचीवर, बरोबर एकाच जागी मोडली होती आणि शेंडे जमिनीला टेकले होते.

सेक्रेटरी म्हणाले, झाडांना दोरी बांधून कपडे वाळत घालू नका असं या माणसाला किती वेळा सांगितलं, ऐकतच नाही, आज निकाल लागला. वॉचमनदादा हळू आवाजात म्हणाले की दोरी पावसाळ्यातच सोडली, या झाडवाल्या ताईंनी सांगितलं त्याच दिवशी. सेक्रेटरींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी वाकून एका बुंध्याचं मोडलेलं तोंड पाहिलं. सालीच्या आत, लाकडात रुतून, हिरव्या प्लास्टिकची तार होती. सालीनं ती कधीच गिळली होती. खोडावर बाहेरून नुसता एक फुगवटा दिसायचा, लेकराच्या मनगटाला वळी पडावी तसा. ती तार मी बांधली होती.

"दोरीनंच मोडली ना, बाई?" सेक्रेटरींनी विचारलं.

"असेल," मी म्हणाले.

मग मी पिशवीतून करवत काढली, तिन्ही बुंधे जमिनीलगत कापले आणि तुकडे पोत्यात भरले. मोडलेलं झाड त्याच दिवशी उचलायचं, असा आमच्या खात्याचा नियमच होता. मी नियमानं वागत होते.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि उद्यान खात्यात नऊ वर्षं काढली होती. शहरातल्या इमारतींच्या आवारात खातं रोपं लावून द्यायचं आणि तीन वर्षं त्यांची देखभाल करायचं. तीन वर्षांनी झाड आपल्या पायावर उभं राहिलं की आम्ही आधाराच्या काठ्या उपटून न्यायचो आणि झाड आवाराच्या हवाली करायचो. माझ्या फेरीत एकतीस आवारं होती. लोकांना वाटतं, झाड लावणं म्हणजे खड्डा खणणं. खड्डा एका दिवसाचा असतो, पुढची हजार दिवसांची राखण असते. मुलं झोके घेतात, कुणी गाडी मागे घेताना काठीवर घालतं, कुणी साबणाचं पाणी आळ्यात ओततं. एका आवारातले आजोबा रोज सकाळी आपला उरलेला चहा कांचनाच्या रोपाला घालायचे. मी हटकलं तर म्हणाले, त्यालाही तरतरी नको का. ते रोप जगलं, आणि सगळं श्रेय चहाला गेलं.

माझ्या जोडीला काका होते. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते, पण खात्यातले साहेबसुद्धा त्यांना काकाच म्हणायचे. मला सगळं त्यांनी शिकवलं. रोपाच्या दोन बाजूंना दोन काठ्या, आणि मध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली. पट्टी बांधून झाली की खोड आणि पट्टी यांच्यामध्ये करंगळी घालून बघायची. करंगळी गेली तर ठीक. अडली तर पट्टी सोडून पुन्हा सैल बांधायची. काका म्हणायचे, लेकरू वाढतं आणि आपण सदरा तोच घालत राहिलो तर कसं व्हायचं. दर महिन्याच्या फेरीत प्रत्येक झाडाशी हे करायचं. फेरीच्या वहीत पाणी, आळं, कीड असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता 'बोट'. नवे साहेब आले की आधी तो रकाना कसला ते विचारायचे आणि काका न हसता त्यांना करंगळी दाखवायचे. त्यावरून एका साहेबांचा गैरसमजही झाला होता.

सत्तर सालच्या डिसेंबरात त्या आवारातल्या सहा शिरीषांच्या पट्ट्या उन्हानं तडकल्या होत्या. काका रजेवर होते. ज्याच्याकडून आम्ही जुन्या ट्यूब आणायचो त्या सायकलवाल्याचं दुकान आठवडाभर बंद. रस्त्याच्या कडेला टेलिफोनवाले केबल टाकत होते, त्यांच्या तारेचे हिरवे तुकडे पडलेले होते. तार खोडाला बांधायची नसते, हे मला ठाऊक होतं. पण पुढच्या महिन्यात काढून टाकू, म्हटलं, तोवर रोपं उभी तर राहतील. दोन दोन वेढे देऊन सहाही बांधली. करंगळी घालून पाहिली. जात होती.

पुढच्या महिन्यात माझे यजमान गेले. ते एका गोदामात आवक-जावक बघायचे. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातला एक जण त्यांचा चष्मा घेऊन आला आणि मिळाल्याची सही मागितली. मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, हे मला आजही आठवतं.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. घरात सासूबाई होत्या, आठ वर्षांची मुलगी होती, न जाऊन कसं चाललं असतं. लोक म्हणायचे, धीराची आहे हो. धीर वगैरे काही नव्हता. मला काही वाटतच नव्हतं. भाजीत मीठ पडलं नव्हतं हे मला सासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळायचं. थांब्यावर उभी राहायची, माझी बस यायची, थांबायची, निघून जायची, आणि ती माझी होती हे मागून लक्षात यायचं. फेरी मात्र एकही चुकली नाही. प्रत्येक आवारात गेले, पाणी घातलं, आळी खुरपली. वही भरली. बोटाच्या रकान्यात खूण केली. फक्त बोट घातलं नाही. निघताना फाटकातून झाडाकडे बघायची आणि खूण करायची. ट्यूबची पट्टी जुनी झाली की लोंबते, लांबून कळते. तार लोंबत नाही. काठीपाशी ती दहा महिने नेटकीच दिसत राहिली. साहेब एकदा तपासणीला आले तेव्हा त्यांनी त्या सहा झाडांचं कौतुक केलं, एका रेषेत उभी आहेत म्हणाले. शिरीष फार भराभर वाढतो. सहातली बाकीची तीन तेवढी दांडगी नव्हती म्हणून वाचली.

त्या मंगळवारनंतर गुरुवारी संध्याकाळी वॉचमनदादांची बायको आमच्या घरी आली. दादा, ती आणि दोन मुली त्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत राहायचे. खोली म्हणजे उभं राहिलं तर एका कोपऱ्यात डोक्याला जिना लागायचा. पण बारा वर्षं संसार तिथंच झाला होता. त्या जागेवर स्कूटर ठेवता येतील, असं इमारतीतले लोक वर्षभर बोलत होते, हे मीही ऐकलं होतं. कारण मिळत नव्हतं इतकंच.

सासूबाईंनी तिला चहा दिला. तिनं पिशवीतून दोरीचं वेटोळं काढून माझ्यासमोर ठेवलं. चार महिने खिळ्याला टांगलेली आहे, म्हणाली, हात लावून बघा, धूळ आहे. रविवारी मीटिंग होती. महिनाअखेर खोली सोडा आणि कामही, असं सेक्रेटरींनी तोंडी सांगून झालं होतं. मीटिंगमध्ये फक्त लिहायचं राहिलं होतं.

"ताई, तुम्हाला झाडातलं कळतं," ती म्हणाली. "तुमच्या शब्दाला ते मान देतात. एवढंच सांगा, की दोरीनं झाड असं मोडत नाही."

मी म्हणाले, "बघते."

ती गेल्यावर सासूबाई कपबशा विसळायला घेऊन गेल्या, आणि तिथूनच बोलल्या.

"काय बघणार आहेस?"

मी चटई गुंडाळायला लागले.

"तो गेल्यापासून तू सगळ्यालाच बघते म्हणतेस. पोरीच्या चपलेचा अंगठा तुटून पंधरा दिवस झाले. टाचणी लावून शाळेत जाते ती. तेही बघते म्हणाली होतीस."

टाचणीचं मला खरंच ठाऊक नव्हतं. मी दाराशी जाऊन चप्पल पाहिली. टाचणी होती. मी परत येऊन बसले.

आपल्याला काय भीती होती, ते मला आज नीट सांगता येतं. वहीत खोटी खूण केली की खात्यात दोनच गोष्टी व्हायच्या, माणूस घरी जायचा किंवा फेरी जायची. घरी गेले तर आम्ही तिघी खाणार काय. आणि फेरी गेली तर दिवसभर कुठं जायचं, हे मला कळत नव्हतं. सकाळी उठून पाय ज्या वाटेनं आपोआप जायचे ती एकच वाट माझ्याकडे उरली होती. त्या वेळी मी असा विचार केला नव्हता. मी एवढंच म्हणत होते, की रविवारला अजून वेळ आहे.

शुक्रवारी काकांनी खात्याच्या शेडमध्ये माझं पोतं उपडं केलं. वाळकी लाकडं चुलीला न्यायची त्यांची सवय. एक तुकडा उचलून त्यांनी चष्मा लावला, नखानं साल खरवडली, आणि तार दिसल्यावर तुकडा खाली ठेवला.

"हे तुझं बांधणं," ते म्हणाले.

"हो."

"तुझं बोट कुठं होतं इतके महिने?"

"वहीत," मी म्हणाले.

काका पोत्यावरच बसले. बराच वेळ त्यांनी विडी ओढली. मग म्हणाले, ते मार्चमध्ये निवृत्त होणार, त्यांना आता कोण काय करणार, तार त्यांनी बांधली असं ते रविवारी येऊन सांगतील. वॉचमनची खोली राहील आणि माझी फेरीही. त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं, की जणू फावडं कुणी उचलायचं तेच ठरत होतं.

मी म्हणाले, "बरं."

त्या रात्री मला शांत झोप लागली, हे सांगायची लाज वाटते, पण लागली.

शनिवारी काकांनी मला पुन्हा सगळ्या फेरीला पाठवलं. प्रत्येक झाडाला बोट घालून यायचं, म्हणाले, आणि उरलेल्या तीन शिरीषांना आज हात लावू नकोस, तार उद्या सगळ्यांसमोर काढू. मी एकतीस आवारं केली. त्या आवारात शेवटी गेले. वॉचमनदादा दोन हातांत दोन बादल्या घेऊन उरलेल्या तीन झाडांना पाणी घालत होते. तोडलेल्या तीन जागांवरची माती त्यांनी सारखी करून ठेवली होती. मी म्हटलं, आता कशाला करता. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत काम माझंच आहे. आणि बादल्या घेऊन पुन्हा नळाकडे गेले.

मी झाडापाशी गेले. करंगळी ठेवायला जागाच नव्हती. साल तारेवर चढून दोन्हीकडून मिटली होती. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. दहा महिन्यांत बोटाला काही लागल्याचं ते पहिलंच मला आठवतं. तिथून निघताना आणखी एक गोष्ट मनात आली. काकांच्या निवृत्तीचे कागद साहेबांच्या टेबलावर पडून होते, सहीसाठी, आणि अशा कबुलीनंतर ते तिथंच अडकले असते. काकांना ते माझ्याआधी ठाऊक असणार.

रविवारी सकाळी आवारात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चौदा-पंधरा माणसं होती. वॉचमनदादा फाटकाशी उभे होते, कारण मीटिंग असली तरी फाटक कुणीतरी सांभाळायलाच हवं. त्यांची बायको खोलीच्या उंबऱ्यात. काका धुतलेला सदरा घालून आले होते. मी कधी त्यांना इस्त्रीत पाहिलं नव्हतं.

सेक्रेटरींनी कागद वाचायला घेतला. इमारतीच्या मालमत्तेचं नुकसान, वारंवार सूचना, वगैरे. काकांनी गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना उठायला नेहमीच वेळ लागायचा. मी त्यांच्याआधी उठले आणि पोत्यातले तीन तुकडे सेक्रेटरींच्या टेबलावर, त्यांच्या कागदावर ठेवले.

"झाडं दोरीनं मोडली नाहीत," मी म्हणाले. "मी त्यांना तार बांधली होती. ती महिन्यात काढायची होती. मी काढली नाही. मंगळवारी मला हे कळलं होतं. तरी मी 'असेल' म्हणाले."

कुणीतरी तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि शेजारच्याकडे दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना नियम माहीत होते. त्यांनी विचारलं, दर महिन्याला तपासल्याची नोंद खात्याच्या वहीत असते, ती आहे का. मी म्हणाले, आहे, आणि ती खोटी आहे.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मायेनं म्हणाल्या, "अहो, यांचे यजमान गेले ना यंदा. माणसाचं लक्ष कसं लागणार."

सेक्रेटरींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मला तिथं थांबता आलं असतं. सगळ्यांची तयारी होती.

"ते जानेवारीत गेले," मी म्हणाले. "'असेल' मी परवाच्या मंगळवारी म्हणाले."

काका तोवर उभे राहिले होते. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले आणि मग खाली बसले. सेक्रेटरींनी कागदाची घडी घातली. खोलीचा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ, म्हणाले. तो विषय पुढं बरीच वर्षं निघाला नाही, कारण टेबलावर ठेवायला कुणाकडे दुसरं काही नव्हतं.

लोक वर गेल्यावर आम्ही उरलेल्या तीन झाडांची तार काढली. काका पटाशीनं साल चिरत होते, मी पकडीनं तार ओढत होते, आणि झाड हलू नये म्हणून वॉचमनदादा न सांगता येऊन खोड धरून उभे राहिले. तिसऱ्या झाडाच्या वेळी त्यांनी विचारलं.

"मंगळवारी तसं का म्हणालात, ताई?"

"मला माहीत नाही, दादा."

ते तारेकडे बघत होते. "मला वाटलं होतं, तुम्ही मला ओळखता," ते म्हणाले.

त्यानंतर बरीच वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. तशी संधीही राहिली नाही. सोमवारी मी साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी वही मागवली, बोटाच्या रकान्यावरून पेन्सिल फिरवत दहा महिने मागे गेले आणि दार लावून घ्यायला सांगितलं. कामावरून काढलं नाही. फेरी काढून घेतली आणि मला शहराबाहेरच्या रोपवाटिकेत टाकलं, पिशव्यांत माती भरायला. संध्याकाळी येताना मुलीसाठी चपला घेतल्या. एक नंबर मोठ्या आल्या. त्या वर्षात तिचा पाय किती वाढला ते मी पाहिलं नव्हतं, म्हणून अंदाजानं घेतल्या, आणि अंदाज चुकला. तिनं पुढं कापूस कोंबून वापरल्या.

आता त्यांच्यातलं जवळजवळ कुणी उरलेलं नाही. काका मार्चमध्ये निवृत्त झाले. कागद वेळेवर निघाले. सहा वर्षं ते अधूनमधून रोपवाटिकेत येऊन माझ्या मातीत वाळू कमी आहे असं सांगून जायचे, मग येईनासे झाले. साहेब बदलून मोठ्या शहरात गेले आणि बढती मिळाल्यावर तिथंच वारले. सेक्रेटरी म्हातारपणी लेकीकडे राहायला गेले. सासूबाई आणखी नऊ वर्षं जगल्या. शेवटच्या वर्षी त्या मला लेकाच्या नावानं हाक मारायच्या आणि मी ओ द्यायची. मुलगी बँकेत लागली, आता तीही निवृत्त झाली आहे. आम्ही दोघी चौथ्या मजल्यावर राहतो. उरलेले तिन्ही शिरीष वाढले, इमारतीच्या वर गेले, आणि इमारत पाडली तेव्हा त्यांनाही पाडलं. मी रोपवाटिकेत चोवीस वर्षं माती भरली. यजमानांसाठी मी नक्की कधी रडले ते मला सांगता येणार नाही. केव्हातरी रडले असणार.

वॉचमनदादा चौऱ्याऐंशी सालापर्यंत त्याच खोलीत होते. दोन्ही मुलींची लग्नं झाल्यावर थोरल्या जावयानं त्यांना दोघांना आपल्याकडे बोलावून घेतलं. जायच्या आधी एका दुपारी ते रोपवाटिकेत आले. केस पांढरे झाले होते, पण मी चालण्यावरून ओळखलं. नमस्कार वगैरे झाला नाही. बायकोचे गुडघे दुखतात, म्हणाले, तिकडे जिना नाही. नव्या वॉचमनला पाण्याची वेळ सांगून आलोय. मी त्यांना बसायला स्टूल पुढं केलं. ते बसले नाहीत. थोडा वेळ माझे हात बघत उभे राहिले. मग समोरच्या ढिगाशी उकिडवे बसले, एक रिकामी पिशवी घेतली, तिचं तोंड उघडलं आणि मूठ मूठ माती भरून, ठोकून, रांगेत लावली. मग दुसरी. मी माझी रांग भरत राहिले. ऊन शेडच्या कडेपर्यंत आलं तेव्हा त्यांची एक रांग पूर्ण झाली होती, पंचवीस पिशव्यांची. ते उठले, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, नळ घट्ट बंद केला, आणि फाटक ओढून घेऊन गेले.